सासूबाईंच्या गाण्याची सहा जणांत वाटणी

"आवाज म्हणजे तरी काय हो आबा? मेंढीच की! सांधा ठाऊक असला की नुसती सुरी टेकवायची, तुकडे आपसूक सुटतात!"

जावयानं सासुरवाडीत बढाई मारू नये, असा नियम किरगिझस्तानातल्या नारिनच्या डोंगरात कुणी केलेला नाही. करायला हवा होता! मेदेर बिश्केकला सिनेमांच्या डबिंगचं काम करायचा. परदेशी सिनेमाचा चहूकडून घुमणारा आवाज घ्यायचा, त्याचे सहा पदर सुटे करायचे, परकं बोलणं उचलून फेकायचं आणि तिथे किरगिझ बोलणं बसवायचं. दिवसभर हेच. त्यामुळे सासरे असानाली आबांनी जेव्हा विचारलं, तेव्हा गड्याची छाती चांगलीच फुगली.

आबांचं मागणं तसं छोटं होतं. त्यांची बायको उलबोसून गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या सत्तरीच्या जेवणात ती गायली होती, आणि ते मेदेरनंच तंबूत सहा ठिकाणी माइक लावून, स्वतः बाहेर यंत्रापाशी बसून टिपलं होतं.

"अरे, त्यात कुत्री ऐकू येतात, भांडी ऐकू येतात, टाळ्या ऐकू येतात. तीच तेवढी ऐकू येत नाही," आबा म्हणाले. "माझे कान गेले बाबा आता. तिला जाऊन वर्ष होईल त्या जेवणाला नुसती ती ऐकव. एकदाच."

"एकदा काय, शंभरदा ऐका!" मेदेर म्हणाला आणि लॅपटॉप उघडला. चहाचा पेला संपायच्या आत सहा पदर वेगळे!

"एकदा ऐकून तरी बघ," त्याची बायको आयझिरेक म्हणाली.

"ऐकायचं काय त्यात? पहिला माइक मानाच्या जागेसमोर लावला होता. जेवण आईंचं, मग मानाच्या जागी आईच बसणार ना! पहिला पदर आईंचा. अगं, आमच्या धंद्यात नजरेनं कापतात!"

इथवर ठीक होतं. पण तेवढ्यात थोरला मेहुणा तोक्तोसुन आत आला, आणि स्क्रीनवरच्या सहा पट्ट्या बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय जावईबापू, आईचे सहा वाटे केलेत म्हणे? मग वाटलेत कुठे?"

"वाटायचे कसले? हे आपलं कामापुरतं..."

"वा रे वा! कापायचं आणि वाटायचं नाही? उद्या गाव म्हणेल, असानालीच्या घरी मेंढी कापली आणि पाहुण्यांना नुसता वास दिला!"

झालं! बातमी अंगणभर पसरली आणि माणसं गोळा झाली. मांसाचा कुठला तुकडा कुणापुढे ठेवायचा यावरून ज्या घरात वर्षवर्ष अबोला चालतो, तिथे आवाजाची वाटणी काय साधी होणार? मान वयाप्रमाणे, हे ठरलं. पहिला आबांना, दुसरा त्यांचे धाकटे भाऊ कासिमकाका यांना, तिसरा थोरली लेक बुरुल हिला, चौथा तोक्तोसुनला, पाचवा त्याच्या बायकोला, आणि सहावा आयझिरेकला. एकेका पेन ड्राइव्हवर एकेक पदर, वर पांढऱ्या कापडाची पुरचुंडी.

"आणि तुमच्याकडचं पुसून टाका," तोक्तोसुन म्हणाला. "कापणाऱ्यानं तुकडा मागे ठेवायचा नसतो. त्याला चोरी म्हणतात!"

चोरीचा आळ, तोही सासुरवाडीत! मेदेरनं सगळ्यांदेखत सगळं पुसलं. मूळ आवाजसुद्धा. वर म्हणतो कसा, "मेंढी कापल्यावर कातडं कशाला सांभाळायचं?" लोक हसले. मेदेरही हसला. पुढे कितीतरी दिवस ते हसू आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

वर्षाच्या जेवणाला तंबू गच्च भरला. आबांनी आपली पुरचुंडी तोवर सोडलीही नव्हती. नवी टोपी घालून ते बसले, मेदेरनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि सुरू केलं. आबांनी डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. मग दुसरा.

"ही घोरतेय!" आबा ओरडले. कान झाकलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही. "उभ्या जन्मात कधी घोरली नाही माझी उलबोसून!"

मेदेरनं घाईनं हेडफोन कानाला लावला. घर्र... घर्र... आणि मधेच, "अरे, चहा आणा!" आवाज कासिमकाकांचा!

"मीच होतो तिथे," काका चाचरत म्हणाले. "वहिनी म्हणाली, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसा मानाच्या जागी. ती गेली दाराशी, चहाच्या समोवारपाशी."

मेदेरच्या तोंडचं पाणी पळालं. समोवारपाशी तिसरा माइक होता.

"माझ्यात तर नुसतं धम धम आहे!" तोक्तोसुन उसळला. "मी थोरला मुलगा, आणि माझ्या वाट्याला आतडी?"

"थांबा हो दादा! बुरुलताई, तुमचा वाटा कुठाय? आई त्यातच आहेत!"

बुरुलताई उठली नाही. तिनं ओढणी तोंडाशी धरली.

"मी पुसला," ती म्हणाली. "एकटीच गात होती रे. टाळी नाही, माणूस नाही. रिकाम्या घरात बसल्यासारखी. मला ऐकवेना. वाटलं, तुमच्या सगळ्यांकडे ती आहेच..."

मेदेरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यानं उरलेले पाच पदर गोळा केले, पुन्हा एकत्र जोडले आणि स्पीकरवर लावले. दुसरं करणार काय? कुत्री भुंकली. भांडी वाजली. काका घोरले. धम धम झालं. आणि या सगळ्याच्या पार मागे, इतर माइकांत चुकून शिरलेला, सुतासारखा बारीक एक आवाज गात होता. आधी जेवढा होता, त्याच्या निम्मासुद्धा नाही.

आबा स्पीकरला कान लावून बसले. गाणं संपल्यावरच त्यांनी कान काढला.

"आहे," ते म्हणाले. "भांड्यांच्या मागे आहे. नेहमी तिथेच असायची. हाक मारून पुढे बसवायला हवी होती मी तिला." मग मेदेरकडे वळून म्हणाले, "आधी जरा जास्त ऐकू येत होती, नाही रे?"

"हो आबा," मेदेर म्हणाला.

तेवढ्यात शिजलेल्या मेंढीचं ताट आलं. वाढप्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्यानं रिवाजाप्रमाणे सुरी मेदेरपुढे धरली, "घ्या जावईबापू, तुम्ही कापा."

"नको!" अख्खा तंबू एका आवाजात ओरडला.

सगळ्यांचा मिळून झालेला तो एक आवाज मात्र त्या घरात कुणी सुटा करायला गेलं नाही.