रावजीआबांची कोरडी जागा

कार्ल्याच्या लेण्यात शिरताना रावजीआबा वहाणा काढायचे, दगडी दाराशी उभे राहायचे आणि आत हाळी द्यायचे, "हाय का कुनी घरात?" त्यांचाच आवाज घुमत परत यायचा. मग आमच्याकडं वळून सांगायचे, "या म्हनत्यात. पाय पुसा."

आम्ही म्हणजे डोंगराखालची चार-पाच घरं, बायकापोरांसकट. ज्यानं मावळातला पाऊस नुसता वाचलाय त्याला हे कळायचं नाही. आषाढात झड बसली की बसली. घरात गुरांचा वास, ओल्या फाट्यांचा धूर. पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटतात आणि बाया पोरांना बडवतात. लोणावळ्याला गाड्या दाखवायला न्यावं तर फलाटाचं तिकीट पडायचं. लेण्यात काही पडत नव्हतं.

पण आबांचे कायदे होते. प्रत्येक घराला एक खांब नेमलेला. आपल्या खांबाशीच घुगऱ्या खायच्या, सांडलेलं वेचून न्यायचं. "पाव्हन्याच्या घरी आलाय, बाजारात न्हाई!" पावसाचं नाव काढील ते पोरगं बाहेर. आणि विस्तव मुळीच नाही. माझी विडी त्यांनी तोंडातून काढून विझवली. "धूर घरी लय हाय की. हितं कशाला आनलास?" मी त्यांच्याशी अख्खा पावसाळा बोललो नाही. लेण्यात मात्र प्रत्येक खेपेला गेलो, त्यांच्याकडं पाठ करून बसलो.

बाजूच्या एका दगडी खोलीत ते कुणाला पाऊल टाकू द्यायचे नाहीत. झाडून, पेंढा अंथरून ठेवलेली. ती त्यांच्या लेकीसाठी, सोनासाठी. सोना आंबीला दिलेली, पदरात दोन पोरं. आबांची बायको गेल्यापासून जावयानं तिला एकदाही नागपंचमीला माहेरी धाडलं नव्हतं. "घर गळतंय तुमचं. लेकरं कुटं निजायची?" हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

एका साली आबांनी निरोप धाडला, कोरडी जागा केलीय, येऊन बघा. जावई खरंच आला, घोंगडीची खोळ डोक्यावर, चिंब भिजलेला. नवं बांधलेलं घर दाखवावं तसं आबांनी त्याला लेणं दाखवलं.

"चाचपून बघा भित, पाव्हनं. थेंब हाय का?"

"न्हाई."

"वरचं लाकूड बघा. वाळवी हाय?"

"मामा, डोंगर हाय ह्यो."

"मग डोंगर गळतोय का, त्ये सांगा!"

आम्ही हसलो. जावईसुद्धा हसला. मग सोनाच्या खोलीतल्या पेंढ्यावर हात फिरवत हळू म्हणाला, "चूल कुटं हाय? धाकट्याला खोकला हाय, मामा. रातीला ऊब लागती त्याला."

आबा माझ्याकडं बघायला लागले. विडीचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण मी खाली बसून विस्कटलेला पेंढा सारखा करायला लागलो.

आमची कारभारीण पुढं झाली. "आमच्यात निजतील की पोरं."

"बाप जित्ता असताना लेक शेजाऱ्याच्यात निजंल व्हय?" आबा म्हणाले.

"बघू पुढल्या साली," म्हणून जावई डोंगर उतरून गेला.

त्याच साली पंचमीला मी आबांकडं पुरणाची दिंडं द्यायला गेलो. घर सगळीकडून गळत होतं. एकच कोपरा कोरडा, जिथं त्यांचं अंथरूण असायचं. तिथं त्यांनी चूल घातली होती. बुटकी, लहान पोरांना ऊब मिळावी अशी. शेजारी दोन पोरं मावतील एवढी गोधडी. जाळ धडधडत होता, ओली माती वाफाळत होती. आणि आबा दाराकडच्या बाजूला, ऐन धारेखाली, डोक्यावर इरलं घेऊन बसलेले. स्वतःच्या घरात इरलं!

"आबा, सरका की चुलीपाशी."

"नगं. गोधडी दमट व्हईल," ते म्हणाले आणि बसल्या जागेवरून हात लांबवून चुलीत एक लाकूड सारलं. "भुई लय सर्द हाय रं. आत्तापास्नं तापवाय घेतली, तर पुढल्या पंचमीपत्तुर ऊब धरंल."