डोंगर, समुद्र आणि सासऱ्यांचं नाणं

जुनं नाणं नुसतं हातात घेतलं की मी त्याची कुंडली मांडतो! लोक म्हणतात, यात तज्ज्ञ व्हायला जन्म जातो. मला अडीच व्हिडिओ पुरले. तिसरा बघताना डोळा लागला, पण तोवर मुद्दा कळला होता.

त्यामुळे सासूबाईंनी सासऱ्यांचं चांदीचं नाणं माझ्या हातावर ठेवलं, तेव्हा मी लगेच भिंग काढलं.

"ते अंघोळीला गेलेत तोवर घ्या," सासूबाई कुजबुजल्या. "आणि विकून टाका मेलं!"

"आई, अहो, या नाण्यावर तर तुमचा संसार चाललाय!"

खोटं नव्हतं. त्या घरात वाद झाला की सासरे नाणं उडवायचे. भिंतींना रंग कोणता, मांजर पाळायचं की नाही, सुट्टीत डोंगर की समुद्र. सासरे म्हणायचे "छापा", आणि छापाच पडायचा.

"लग्न झाल्यापासून डोंगर चढतेय मी!" सासूबाई म्हणाल्या. "गुडघे गेले, पण समुद्र काही दिसला नाही. उद्या पुन्हा उडवणार आहेत. त्याआधी ही ब्याद घराबाहेर काढा."

मी कामाला लागलो. पुढची बाजू: मिशाळ राजा, नाक जरा झिजलेलं, बाकी प्रकृती उत्तम. फोटो काढला. मग मागच्या बाजूचा काढला. बघतो तर राजाच! उलटायचं विसरलो वाटतं. पुन्हा उलटलं. पुन्हा राजा!

"अरे, किती वेळ त्याला कुशीवर वळवतोयस?" बायकोने विचारलं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन्हीकडे राजा! म्हणजे टाकसाळीत चुकलेलं नाणं! व्हिडिओतला माणूस अशा नाण्याबद्दल बोलताना घाम पुसत होता! सासरे नेहमी का जिंकतात, हा प्रश्न मला शिवलाही नाही. तज्ज्ञ माणूस किरकोळ गोष्टींत लक्ष घालत नाही.

इतक्यात सासरे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "माझं नाणं कुठंय?"

"बाबा, कपडे करा! सगळे नाणेवाल्याकडे जाऊ. आज त्याची परीक्षा!"

सासरे पांढरेफटक पडले. "परीक्षा कशाला? साधं नाणं आहे ते. द्या इकडे."

"साधं? तुमच्याकडे काय आहे, तुम्हालाच माहीत नाही!"

"चांगलं माहीत आहे!" ते ओरडले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे... नाही माहीत."

रस्ताभर त्यांचं पोट दुखत होतं. चौकात पायही मुरगळला. पण मी त्यांचा हात सोडला नाही.

नाणेवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, नाण्याची कड नखाने चाचपली आणि नाणं काचेवर टाकलं. खणखणीत वाजायचं सोडून ते बद्द वाजलं.

"दोन नाणी चिरून जोडलीत. हा बघा सांधा. जादूगार वापरतात असलं. दोन्हीकडे छापा!"

"म्हणजे टाकसाळीची चूक नाही?" मी कसंबसं विचारलं.

"छे! मुद्दाम केलेलं काम आहे. चांदीपुरती किंमत येईल."

सासरे छताचा पंखा न्याहाळू लागले.

"दोन्हीकडे छापा?" सासूबाईंनी विचारलं. "पहिल्यापासून?"

"पहिल्यांदा गंमत म्हणून आणलं," सासरे पुटपुटले. "मग खरं सांगायची हिंमत होईना. मला समुद्राची भीती वाटते गं. पोहता येत नाही."

मी डोळे मिटून घेतले. पण कानावर आलं ते हसू! सासूबाई इतक्या हसल्या, की नाणेवाल्याने उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

"अहो, मला तरी कुठे येतं पोहायला? काठावर बसू!" त्यांनी डोळे पुसले आणि नाणं स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. "उद्या मी उडवणार. छापा म्हणजे समुद्र!"

सासरेही हसले. त्यांचा पाय तिथल्या तिथे बरा झाला.

"आई," बायको म्हणाली, "आमच्या लग्नाच्या वेळीही बाबांनी नाणं उडवलं होतं ना?"

"हो की! मी नको म्हणत होते. हे म्हणाले, छापा पडला तर होकार."

माझी छाती फुगली. "बाबा! म्हणजे मी तुम्हाला पसंत होतो!"

सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्या नाणेवाल्याकडे वळल्या. "भिंग हातात आहेच, तर यांचीही किंमत सांगून टाका."

"आवाज दणदणीत आहे," तो म्हणाला. "वजन जरा कमी वाटतंय."

आता सासरेच माझी बाजू घेतील, म्हणून मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी," सासरे मान खाली घालून म्हणाले, "सवयीने तोंडून 'छापा' निघून गेलं हो!"