सुभेदारांनी वाइन चाखली

पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या लालासाहेबांचं म्हणणं असं, की अठ्ठावीस वर्षं मेसची रम प्यालेल्या माणसाला वाइन चाखायला कुणी शिकवू नये. "रम काय अन् वाइन काय, जीभ तीच की," ते सुनेला सांगत.

सून संयोगिता हे काम नाशकात शिकून आलेली. पलूसजवळच्या त्यांच्या रानात वाइनची द्राक्षं लावून तिनं शेडमध्ये छोटी वायनरी थाटली होती. यंदा ऐन काढणीत अवकाळी पाऊस आठ दिवस पाहुण्यासारखा मुक्कामाला राहिला. मणी पाणी पिऊन फुगले, गोडी उतरली. तीन टाक्या लाल वाइन झाली खरी, पण कशी झाली हे बोलायचं घरात सगळेच टाळत होते. आज साताऱ्याच्या एका हॉटेलातले जयराज ती विकत घ्यायच्या आधी चाखायला येणार होते. त्यांनी नाक मुरडलं, तर वर्षाच्या मेहनतीचं व्हिनेगर!

"मामा, तुम्ही शेजारी नुसतं बसा," संयोगितानं सासऱ्यांना बजावलं. "चाखायला दिली तर घोट तोंडात घोळवायचा आणि भांड्यात थुंकायचा. विचारलं तर चांगली आहे म्हणायचं."

"आपल्या रानातलं थुकायचं? ते आपल्याच्यानं व्हायचं न्हाई."

जयराज आले. ग्लास उचलणार, तोच लालासाहेबांची बायको राहीबाई ताट घेऊन पुढं आली. चाखून झाल्यावर जेवण, असं सुनेनं तिला दोनदा सांगितलं होतं. पण पाहुण्याला उपाशीपोटी दारू देणं तिच्या तत्त्वात बसेना. ताटात गरम भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खरडा.

"घ्या, लय तिखट न्हाई," ती म्हणाली.

जयराजांनी मान राखून एक घास घेतला. आधी कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांना धार लागली. पाणी झालं, दही झालं, गूळ झाला. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "जीभ जागेवर आहे एवढंच कळतंय. चव काही लागत नाही."

संयोगिता मटकन खाली बसली. जयराजांना संध्याकाळपर्यंत हॉटेलात निर्णय सांगायचा होता. त्यांनी थोडा विचार केला. "सुभेदारसाहेब, रंग मी बघतो, वास मी घेतो. चव तुम्ही सांगा. खरी सांगा."

लालासाहेबांनी पहिल्या टाकीचा ग्लास एका दमात रिकामा केला. "चांगली हाय."

"चांगली म्हणजे कशी?"

हे काही ठरलेलं नव्हतं. विचार करायला त्यांनी दुसरा ग्लास घेतला. मग दुसऱ्या टाकीचे दोन. जयराजांनी नुसता वास घेऊन ठेवलेले ग्लास वाया जाऊ नयेत, म्हणून तेही. तिसऱ्या टाकीपर्यंत सुनेच्या डोळ्यांचे इशारे दिसायचे बंद झाले होते.

"सायेब, खरं सांगू?" ते म्हणाले. "हिला पाऊस लागलाय. पैली आंबट हाय. ह्या दोन हलक्या हायती, घशाखाली गेल्या की मागं काय ऱ्हात न्हाई. पर उनातनं आलेल्या माणसाला गार करून द्या, नगं म्हनायचा न्हाई."

संयोगितानं डोळे मिटले.

जयराजांनी ग्लास उजेडात धरला, पुन्हा वास घेतला. "रंग आणि वासही हेच सांगतायत," ते म्हणाले. "आतापर्यंत चार ठिकाणी गेलो. पावसाचा थेंब पडला नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. पहिलीचं व्हिनेगर करा. या दोन टाक्या मी घेतो. उन्हाळ्यात गार करूनच देऊ."

त्यांना सॅल्यूट करायला लालासाहेब उठले. हात वर गेला, बाकीचे सुभेदार खाली, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर बसले आणि तिथंच झोपले.

सकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "पाव्हणा काय म्हनला गं?"

"घेत्यात की दोन टाक्या. हलकी हाय म्हणून."

"हलकी?" सुभेदारांच्या मिश्या थरथरल्या. "आपल्या वाइनीला हलकी म्हननारा कोन त्यो?"

"तुमीच, आवं."

लालासाहेबांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "मग बरोबर आसंल."