लक्ष्य क्रमांक एकचं लग्न

ज्या देशाची गुपितं चोरायला कोणी येत नाही, त्या देशाला जगात मान नसतो. आमच्या पोलंडला मान होता. निदान शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या, पोझनानमधल्या आमच्या संकेतभेद कार्यालयाची तशी ठाम समजूत होती, आणि समजुती ठाम ठेवण्यासाठीच कार्यालयं असतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रोज दुपारी जेवणाच्या वेळी रेडिओवर एक बाई आकडे वाचायची. सात, दोन, दोन, नऊ, चार. गाणं नाही, बातम्या नाहीत. इतक्या कंटाळवाण्या गोष्टीत गुपित नसेल हे शक्यच नव्हतं. म्हणून तिला ‘लक्ष्य क्रमांक एक’ असं नाव देण्यात आलं. (क्रमांक दोन कधीच सापडलं नाही. पण नुसतं ‘लक्ष्य’ म्हटलं असतं तर अनुदान निम्मं झालं असतं.)

तिचे संकेत फोडायला एक गणकयंत्र आणलं. पाच कपाटांएवढं. त्याला थंड हवा लागे, म्हणून त्या खोलीत शीतयंत्र बसवलं. पहिल्याच वर्षी भरीव प्रगती झाली: उन्हाळ्यात कोणाचंही लोणी वितळलं नाही. नाताळाच्या जेवणासाठी आणलेले संचालकसाहेबांचे जिवंत कार्प मासेही तिथेच टबात पोहत. संकेतांबाबत यंत्राचा अहवाल रोज एकच येई, ‘अर्थहीन’. यावरून संकेत किती अवघड आहेत ते सिद्ध होई.

माझ्या शेजारच्या टेबलावर बोगुमिल श्चुरेक बसायचा. गणितात हुशार, म्हणून बाकी सगळ्या बाबतीत त्याची काळजी घ्यावी लागे. तो आकडे उतरवून घेता घेता हळूहळू नुसता आवाजच ऐकू लागला.

“बाईंना सर्दी झालीय,” एकदा तो म्हणाला.

“शत्रूला सर्दी होते?”

“आणि ‘सात’ म्हणताना ती माझ्या आईसारखी ओढते. आपल्याच पूर्वेकडची आहे रे!”

“बोगुश, तू प्रेमात पडलायस.”

“काहीतरीच! मी पृथक्करण करतोय,” तो म्हणाला. कान मात्र बिटासारखे लाल.

मग मार्चमध्ये एके दिवशी, ती वाचत असताना, रेडिओवर मागून कोणीतरी ओरडलं, “कोबीचं सूप संपलं! उगीच रांगेत उभे राहू नका!” आणि तेच वाक्य, त्याच क्षणी, आमच्या जिन्यातून वर आलं. तळघरातल्या कँटीनच्या गेनोवेफाबाई!

बोगुमिलनं कानावरचे हेडफोन काढले आणि तो खाली गेला. कँटीनशेजारी ‘हवामान सांख्यिकी’ अशी पाटी होती. त्यानं दार ढकललं. लोकरीची शाल पांघरलेली एक बाई नुकतीच माइक बंद करत होती.

“दार लावा, वारा येतो. कोण तुम्ही?”

“वरच्या मजल्यावरचा. सहा वर्षं तुम्हाला ऐकतोय.”

“अय्या! म्हणजे कोणीतरी ऐकतं?”

तिचं नाव लेओकाडिया. तिनं त्याला चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. “पॅरिसला आमचा एक हेर होता, त्याच्यासाठी हे सुरू झालं. त्यानं तिकडे बेकरी काढली, आता नाताळाचं कार्डही पाठवत नाही. पण वाचणं थांबवलं तर आमचा विभागच बंद होईल ना!”

“मग रोज नवे आकडे आणता कुठून?”

“तुमच्याच यंत्राची रद्दी, आकड्यांनी भरलेले कागद. सफाईवाला टोपलीभर आणून देतो.”

म्हणजे आमचं यंत्र इतकी वर्षं स्वतःचंच बोलणं समजून घ्यायचा प्रयत्न करत होतं आणि त्याला ते जमत नव्हतं. (तोवर ही सोय फक्त माणसांत होती.)

बोगुमिल सरळ माणूस. तो थेट आमच्या संचालकांकडे, वोइनारोव्स्कीसाहेबांकडे गेला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे शत्रू आपल्या तळघरापर्यंत पोचलाय?”

“साहेब, शत्रू नाहीच. आपणच आहोत.”

“वर चाळीस माणसं, खाली बारा. उद्यापासून सगळ्यांनी करायचं काय? तुझ्या त्या लेओकाडियाबाईंनी बाजारात बीट विकायचे?”

“माझ्या नाहीत, साहेब...”

“कान बघ आरशात. हे आजपासून अतिगोपनीय आहे. तुला ते जाणून घ्यायचा अधिकार नाही, तेव्हा तुला ते माहीत नाही. आणि तिला भेटायचं नाही. लक्ष्याशी ओळख ठेवणं हा देशद्रोह आहे, कळलं?”

खालच्या दारावर पहारा बसला. बोगुमिल रोज दुपारी तिचा आवाज ऐके आणि ताट न उष्टावता परत पाठवी. ती दोन मजले खाली होती आणि त्याला साधं ‘कशा आहात?’ विचारता येत नव्हतं.

मग एका गुरुवारी लेओकाडियानं रद्दी बाजूला ठेवली आणि स्वतःच्या मनाचे आकडे वाचले. पहिल्या अक्षराला एक, दुसऱ्याला दोन, शाळकरी पोरं वर्गात चिठ्ठ्या लिहितात तसा संकेत. बोगुमिलला यंत्र लागलं नाही. ‘रविवारी दोनला पुलाजवळ. आणि जेवत जा.’ (उपासाची खबर गेनोवेफाबाईंची. परत आलेली ताटं ही आमच्याकडची सर्वांत विश्वासार्ह हेरयंत्रणा होती.)

इतक्या वर्षांत त्या केंद्रावरून गेलेला हा एकमेव अर्थपूर्ण संदेश. आम्ही चाळीस जणांनी तो उतरवून घेतला. यंत्र बराच वेळ खडखडलं आणि त्यानं निकाल दिला: ‘अर्थहीन’. साहेबांनी सही केली. मी शेजारी बघितलं. बोगुमिल हसत होता, डोळे पुसत होता. मीही सही केली.

जूनमध्ये त्यांनी लग्न केलं. साहेब आले, पोटभर जेवले, नवरीबरोबर नाचलेसुद्धा. फक्त ती कोण, हे त्यांना अधिकृतरीत्या माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी लेओकाडिया बाळंतपणाच्या रजेवर गेली. खाली तिच्या जागी वाचायला कोणी मिळालं नाही आणि लक्ष्य क्रमांक एक अचानक गप्प झालं. वर हाहाकार! आम्ही वॉर्साला तातडीनं कळवलं, ‘शत्रू लवकरच काहीतरी मोठं जन्माला घालणार.’ मुलगी झाली, सव्वाचार किलोची. आमचं खरं ठरलेलं हे एकमेव भाकीत. त्याबद्दल साहेबांना पदक मिळालं.

पुढे राजवट बदलली आणि दोन्ही विभाग बंद पडले. बोगुमिल शाळेत शिकवू लागला. लेओकाडिया रेल्वे स्थानकावर फलाटांचे आकडे सांगू लागली. तिचं ऐकून लोक पहिल्यांदाच धावपळ करू लागले.

मी मात्र धंद्यात टिकलो. विसरलेले पासवर्ड शोधून देणाऱ्या एका कंपनीचा सल्लागार आहे. संकेतभेदाला भविष्य आहे का, असं तरुण पोरं विचारतात. उज्ज्वल आहे, मी सांगतो. यंत्रं आता नखाएवढी झाली. गणितज्ञांनी अशी कुलपं बनवलीत की हजार वर्षं फुटायची नाहीत. फक्त किल्ली, म्हणजे पासवर्ड, निवडायचं काम तेवढं तुमच्यावर सोपवलंय.

तुमच्या मुलाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आणि हो, आता घाईघाईनं तीन-दोन-एक करू नका. तेही आम्ही बघून ठेवलंय.