आठ वाजताचा नी

आमच्या सोसायटीत संध्याकाळचे आठ कुणी घड्याळात बघत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे बाविस्करभाऊ गॅलरीत येतात, लुंगी सावरतात, क्लॅरनेट तोंडाला लावतात आणि अर्धवट सूर वाजवून थांबतात. खालच्या सा पासून नी पर्यंत छान ऐटीत चढतात, आणि वरचा सा आता येणार, येणार म्हणता म्हणता गप्प! शिंक यावी यावी आणि येऊच नये, तसं ऐकणाऱ्याचं होतं.

मी सिल्वासाच्या आमली भागात राहायला आले तेव्हा मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी मूळची नाशिकची. इथल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून आले. नवऱ्याची नोकरी नाशिकलाच, त्यामुळे तो शनिवार-रविवारचा पाहुणा. पहिल्याच संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरात खोक्यातून भांडी काढत होते आणि डोक्यावरून हे सुरू झालं. नी वर येऊन थांबलं. माझ्या हातातली कढई हातातच राहिली. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण काहीतरी राहिलंय एवढं मलासुद्धा कळलं. तेवढ्यात खालून, गेटाजवळून, एका मुलीचा खणखणीत आवाज आला, "साऽऽ!" लगेच वरून भाऊंची हाक, "ये वं माय, जेवाले ये!" आणि शेजारच्या हंसाबेन आत कुणाला तरी म्हणाल्या, "ए, वाग्युं! चाल, रोटली मूक." म्हणजे, वाजले आठ, पोळी टाक.

खाली वाकून बघितलं तर हेल्मेट घातलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्कूटी स्टँडला लावत होती. ही रोहिणी, भाऊंची एकुलती एक लेक. हेल्मेटमधूनच तिने सा लावला होता.

आठवडाभर मी हे सोसलं. मग सेक्रेटरींना अर्ज दिला. 'सदर वादनामुळे दिवसभर काम करून दमलेल्या रहिवाशांना त्रास होतो' वगैरे चांगला पानभर. दुसऱ्या दिवशी दारात खुद्द बाविस्करभाऊ उभे! बुटका बांधा, जाड मिशी, हातात स्टीलचा डबा.

"ताई, तुमचा अर्ज वाचला," ते म्हणाले. "अक्षर लई भारी शे तुमचं."

"मग? बंद करणार का?"

"नाही. पण भरीत आणलंय. गच्चीवरल्या वांग्यांचं शे."

आता अशा माणसाशी भांडायचं कसं? भरीत मी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं. एकटीसाठी ताट कोण घेतं? कढईतून खायचं, कढई घासायची, झालं. पण भरीत असं काही झालं होतं की डबा परत देताना मी अर्जही मागे घेतला. लाच म्हणा हवं तर.

भाऊ मूळचे चोपड्याकडचे. त्यांचे वडील गावाकडे लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे. हे क्लॅरनेट त्यांचंच. भाऊ मात्र सिल्वासाला सुताच्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांच्या खात्यात मशिनांचा एवढा गोंगाट की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलायचं. पण त्या गोंगाटातही कुठलं बेअरिंग रडतंय ते भाऊंना ऐकू येतं म्हणे. ते कान घरीही बंद होत नाहीत. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "ताई, तुमचा मिक्सर काळी दोनमध्ये वाजायचा. परवापासून उतरलाय. बुश गेलाय बघा." पेटीच्या पट्टीच्या हिशेबात माझा मिक्सर बसवलेला बघून मला हसू आलं. चार दिवसांनी चटणी वाटताना मिक्सर बंद पडला. बुशच गेला होता.

सुट्टीचा दिवस असला की भाऊ गच्चीवर. रंगाच्या रिकाम्या डब्यांत वांगी, आणि कारखान्यातून टाकून दिलेल्या सूत गुंडाळायच्या कागदी कोनांमध्ये रोपं. मधल्या जागेत पाट टाकून ते क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पत्ती ब्लेडने तासत बसतात. जरा तासायची, लावून बघायची, चीं करून किंचाळली की तोंड वाकडं करायचं, पुन्हा तासायची. तो आवाज ऐकून पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडतात. भाऊंचं म्हणणं, वांग्यांना तो आवडतो. "नाहीतर एवढी धरली असती का?" वांगी खरंच वाकून वाकून धरलेली असतात.

पण हे सगळे छंद एका बाजूला आणि रोहिणी एका बाजूला. पोरीचं कौतुक करायला त्यांना कारण लागत नाही. बारावी पास झाली तेव्हा पेढे वाटले हे ठीक आहे, पेढे आपणही वाटतो. पण पोरीने स्कूटी एका फटक्यात स्टँडला लावली, म्हणून हा माणूस गॅलरीतून चारही मजल्यांना ओरडून सांगतो, "बघितलं का? मन्ही पोर शे!" माझी पोरगी आहे, बरं का! पोरीने पावभाजी केली, मन्ही पोर शे. पोरीने बँकेतल्या माणसाशी इंग्रजीत भांडण केलं, मन्ही पोर शे. एकदा तिला नुसता ताप आला होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्या तापातही मुलगी शांत आहे. भाऊ ते वाक्य आठवडाभर सोसायटीत सांगत फिरत होते. त्यांची बायको मंगलावहिनी कपाळावर हात मारून घेतात. "अहो, आवरा! पोर लाजेने खाली उतरायची बंद होईल एखाद दिवशी."

त्या अर्धवट सुराची कथाही मंगलावहिनींनीच सांगितली. रोहिणी लहान असताना खाली खेळायची, जेवायला वर यायला तयार नसायची. दिवसभर कारखान्यात ओरडून भाऊंचा घसा बसलेला. हाक कुठून मारणार? म्हणून ते क्लॅरनेट वाजवायचे. एक दिवस नी पर्यंत आले आणि पत्तीच चिरली. सूर तुटला. भाऊ पत्ती बघत उभे, तर खालून पाच वर्षांच्या पोरीने मातीत बसल्या बसल्या तो सूर पुरा केला, "साऽऽ." कुणी शिकवलेलं नाही, काही नाही! भाऊ तसेच अनवाणी धावत खाली गेले आणि तिला उचलून आणलं. त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगला जिलेबी. तेव्हापासून आठ वाजताचा सा रोहिणीचा. भाऊंनी तो एकदाही स्वतः वाजवला नाही.

मी आल्यानंतर सहा वर्षं हे असंच चाललं. हंसाबेनच्या पोळ्या त्या सा वर, माझा कुकर त्या सा वर. पुढे पुढे तर तो ऐकल्याशिवाय मला भूक लागेना.

गेल्या जूनमध्ये रोहिणीला पुण्यात नोकरी लागली. भाऊंच्या छातीचं माप बदललं असेल! गाडीत सामान चढवताना ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मोठी कंपनी शे. इंटरव्ह्यूमध्ये पाच जण होते, पाचही जणांना गप्प केलं तिनं." मंगलावहिनी पदराने डोळे पुसत होत्या. भाऊ त्यांना रागावले, "रडायला काय झालं? पोर काय चंद्रावर चालली का?" गाडी वळणाआड गेली तरी ते हात हलवत होते. मग कुणीतरी म्हणालं, भाऊ, गेली गाडी.

त्याच संध्याकाळी आठ वाजता, सवयीने म्हणा, भाऊ गॅलरीत आले. सा पासून नी पर्यंत चढले. थांबले.

खाली गेटाजवळ कुणी नव्हतं. हंसाबेन लाटणं हातात घेऊन त्यांच्या गॅलरीत आल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत गेल्या. बऱ्याच वेळाने वरच्या गॅलरीचं दार लागलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रोहिणीने व्हिडिओ कॉल करून सा द्यायची युक्ती काढली. पण नेटवर्क! भाऊंचा नी पुण्याला पोचेपर्यंत आणि तिथला सा परत येईपर्यंत मधल्या मधे चित्र अडकायचं, आणि रोहिणीचं तोंड नुसतंच उघडं. तरी आठवडाभर ते चाललं. मग तेही थांबलं. जिन्यात भाऊ भेटले तर मी विचारलं.

"आठला मिटिंग असते तिची," भाऊ म्हणाले. "परदेशातले साहेब असतात समोर. आता मिटिंगमध्ये सा म्हणणार का ती? मोठी साहेबीण झाली, ताई. मन्ही पोर शे!"

हे शेवटचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच हळू आवाजात म्हटलं.

पण नी थांबला नाही. रोज आठला तो यायचा आणि तसाच लटकत राहायचा. सगळ्या सोसायटीचं तंत्र बिघडलं. हंसाबेनची पोळी करपायला लागली. माझं तर डोकंच उठलं. शेवटी एकदा मी वर जाऊन सरळ विचारलं, "अहो भाऊ, एवढं वाजवता तर तो एक सूर तुम्हीच वाजवून टाका ना! आम्हाला जेवू द्या सुखाने."

ते क्लॅरनेट फडक्याने पुसत होते. "मला येतो की, ताई. पण तो माझा नाही ना. मी हाक मारायची, आणि ओ पण मीच द्यायची का?"

मी खाली आले. त्या दिवशी कढईतलं पिठलं काही गोड लागलं नाही.

पुढचा पराक्रम माझा आहे, आणि तो सांगायला मला लाज वाटते. मी रोहिणीला मेसेज करून तिच्या आवाजातला सा मागवला. तिने लगेच पाठवला, खाली लिहिलं, 'मावशी, तुम्ही??' दोन प्रश्नचिन्हं! मग रोज सकाळी आंघोळीच्या वेळी मोबाईल खिडकीत ठेवून मी सराव केला. जन्मात कधी आरतीतसुद्धा आवाज चढवला नव्हता. तिसऱ्या दिवशी हंसाबेनने बेल वाजवली. "बेन, तबियत तो सारी छे ने? बाथरूममांथी अवाज आवे छे."

एका गुरुवारी मात्र मी ठरवलं. आठला गॅस बारीक केला, गॅलरीत जाऊन उभी राहिले. वर दार उघडल्याचा आवाज आला. सा, रे, ग, एकेक पायरी चढत नी आला आणि थांबला. मी कठडा धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "साऽऽ!"

म्हणाले कसलं, किंचाळलेच. खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावणारा माणूस वर बघायला लागला.

"कोण शे?" वरून आवाज आला.

"मी. दुसऱ्या मजल्यावरची."

मग भाऊ म्हणाले, "ताई, हा पंचम झाला. वर या. अजून तीन पायऱ्या." आणि पुन्हा नी वाजवला.

मी पुन्हा लावला. "अजून वर." पुन्हा. हंसाबेन गॅलरीत आल्या आणि काही कळत नसताना त्यांनीही आवाज लावला. वरून भाऊ सांगत होते, "हां... थोडा अजून... हां!"

लागला असावा, कारण माझ्याच अंगावर काटा आला. पण वरून काहीच आवाज येईना. मला वाटलं, झालं, दुखावलं आपण या माणसाला. लेकीची जागा होती ती, आपण कशाला तिथे शिरलो? मी आत वळणार, तेवढ्यात वरून हाक आली. अगदी बारीक.

"ये वं माय. जेवाले ये."

इतकी वर्षं ही हाक रोज माझ्या डोक्यावरून खाली जात होती. त्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी कढईखालचा गॅस बंद केला आणि चपला न घालताच जिना चढले.

दार उघडं होतं. आत जमिनीवर तीन ताटं मांडलेली होती. मी मंगलावहिनींकडे पाहिलं.

"रोज तीनच मांडतात," त्या म्हणाल्या. "सांगून थकले मी."

भाऊ पाठमोरे उभे राहून क्लॅरनेट पेटीत ठेवत होते. पेटीचं झाकण लावायला त्यांना फार वेळ लागला. मग मागे न बघताच म्हणाले, "ताई, सूर तुमचा अगदी कच्चा शे. उद्या सातला या, अर्धा तास बसू. आणि आता बसा, भाकरी गार होते."

तिसऱ्या ताटात भरीत वाढलं होतं. मी मांडी घालून बसले.