बबनआबांची अर्धी पुस्तकं

एखाद्या माणसावर लिहायचं तर आधी तो अधिकार कमवावा लागतो, असं मला वाटतं. माझ्याकडे तो नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. पण लोणावळ्यातल्या वलवणच्या बबनआबांवर दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

आबा आमचे शेजारी. त्यांच्याकडे फळीभर जुन्या, खिशात मावणाऱ्या रहस्यकथा आहेत. त्यांतली एकही पूर्ण नाही. प्रत्येकीचा फक्त पुढचा, म्हणजे सुरुवातीचा अर्धा भाग आहे.

हे मला माहीत नव्हतं. मी एक वाचायला नेली. इन्स्पेक्टर दाराची कडी काढतो आणि पुस्तक संपतं. मी तसाच परत गेलो.

"आबा, खून कोणी केला?"

"काय की! पर ह्ये तळेगाव ठेसनाभायेरच्या गाड्यावरचं. त्यानं वडापावाच्या हातानंच दिलतं. ह्यो बघ डाग."

गोष्ट त्यांना एकाही पुस्तकाची आठवत नाही. कुठं घेतलं, ते मात्र विचारायचीच खोटी. "ह्ये कामशेतच्या बाजारातलं. ह्ये वडगावच्या जत्रंतलं, पाळन्यात बसून फाडलं."

फाडलं?

आबा आणि त्यांचा दोस्त सदा तळेगावजवळ आंबीच्या एका कारखान्यात एकाच पाळीला होते. पुस्तक घ्यायचं ते दोघांत मिळून एक. पण आधी वाचायचं कोणी? म्हणून ब्लेडनं मधोमध चिरायचं. लोणावळ्याहून लोकलनं जाताना पुढचा भाग आबांना, मागचा सदाला. परतीच्या गाडीत अदलाबदल.

"सदाला खुनी आदीच कळायचा. मंग माज्याकडं बघून नुस्ता हसायचा, बेनं!"

निवृत्तीनंतर सदा मुलाकडे चंद्रपूरला गेला. जाताना वाटणी झाली. पुढचे भाग आबांना, मागचे सदाला.

"निम्मी निम्मी आख्खी पुस्तकं का नाही घेतलीत?" मी विचारलं.

"मंग भेटायचं कशापायी?"

पुढं सदाचा फोन लागेनासा झाला. घरात कोणी रद्दीचा विषय काढला की आबा उसळायचे, "उद्या त्यो मागला भाग घिऊन आला, तर मी काय दावू त्याला? मोकळी फळी?"

गेल्या महिन्यात फोन आला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला होता. मी ओट्यावर शेजारीच होतो. सदाची नात बोलत होती. आजोबा उन्हाळ्यात गेले, म्हणाली. तुमचा नंबर मिळायला वेळ लागला.

आबांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "पुस्तकं हायेत का गं?"

"आहेत ना. आजोबा त्यातूनच आम्हाला गोष्टी सांगायचे. सुरुवात पुस्तकात नसायची, ती मनानं रचायचे. प्रत्येक गोष्ट तळेगावच्या गाडीत सुरू व्हायची आणि खिडकीपाशी बबन नावाचा माणूस बसलेला असायचा. ते तुम्हीच ना?"

"व्हय. खुनी मलाच केलता का काय त्यानं?"

"नाही हो," ती म्हणाली. "खून कुणाचाही होवो, बबन शेवटपर्यंत आजोबांच्या शेजारीच असायचा."