चौथऱ्याला नवा रंग

"पेंडसे, उद्या जर्मन पाहुण्याला चिंचवड गावठाणातला जुना चौक दाखवायचाय," मॅनेजर नानासाहेब म्हणाले. "नीट पार पाडा. तुमच्या प्रमोशनचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

मधुसूदन पेंडसे कंपनीच्या कॉलनीत सात वर्षं राहत होते. चौक तिथून सायकलने दहा मिनिटांवर. पण त्या बाजूला ना रेशनचं दुकान ना साहेबांचा बंगला, त्यामुळे जायचं काही कारण पडलं नव्हतं. दुपारी ते प्रथमच चौकात पोहोचले. मधोमध तीनशे वर्षांचा काळा दगडी चौथरा होता. त्यावर शेवाळं होतं, पानाच्या पिंका होत्या आणि चिमाजी नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते.

हे असलं परदेशी माणसाला दाखवायचं? साहेब येणार म्हटलं की जे हलत नाही त्याला रंग फासायचा, हा कंपनीचा नियम पेंडसे कोळून प्यायले होते. त्यांनी स्टोअरमधून मशीनचा हिरवा रंग आणि दोन रंगारी मागवले.

"बाबा, जरा उठता का?"

"न्हाई. आमच्या आज्यापासनं आमी हितंच बसतोय."

"उद्या मोठे साहेब येणार आहेत हो."

"येऊ द्या की. मी काय त्येंच्या वाटंत बसलोय व्हय?"

नियमाप्रमाणे चिमाजींनाही रंग द्यायला हरकत नव्हती, कारण तेही हलत नव्हते. रंगाऱ्यांनी तासभर वाट पाहिली. शिफ्ट संपत आली, ओव्हरटाइम मंजूर नव्हता. मग ते चिमाजींच्या कडेकडेने रंग मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याने चौथऱ्याला एक फेरी मारली, नखाने रंग खरवडला आणि हा गेल्या वर्षी बांधला का, असं सभ्यपणे विचारलं. नानासाहेबांनी पेंडशांकडे पाहिलं. पेंडशांना प्रमोशनचा कागद टेबलावरून टोपलीत पडताना दिसला.

तेवढ्यात चिमाजी उठले.

"पाव्हणं उभं का? बसा हितं."

त्यांच्या खाली दीड हात काळा दगड तसाच होता, बसून बसून गुळगुळीत झालेला, मधे खोलगट. पाहुणा गुडघ्यांवर बसला, त्यावरून हात फिरवत राहिला. त्याने कॅमेऱ्याचा अर्धा रोल तेवढ्या जागेवर संपवला. रविवारी बायकोलाही घेऊन येतो, म्हणाला.

"पेंडसे," परतताना नानासाहेब म्हणाले, "रविवारपर्यंत बाकीचा चौथराही तसाच जुना करा. कागद अजून टेबलावरच आहे."

शनिवारी पेंडसे पॉलिश पेपर घेऊन चौथरा घासत होते. कोपरापर्यंत हिरवे झाले होते. चिमाजी आपल्या जागेवरून बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, नुसतं घासून जुनं न्हाई व्हत. बसावं लागतं. तीन पिढ्या."

असं म्हणून ते थोडे सरकले. मुदत रविवारपर्यंतचीच होती, तरीही पेंडसे बसले.